राखड, चिंच आणि पांढरी : पांढुर्णा-सौंसरकडच्या घरस्वच्छतेबद्दल एक टिपण

पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची गोटमारही आटोपली आणि महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या, की आमच्याकडे माळ्यावरची पितळेची भांडी खाली निघतात. यंदा गुंड काढला तर काठाखाली हिरवट डाग. दुकानातली पावडर लावून पाहिली, तार-घासणीने घासला. चरे पडले, डाग राहिले. आई म्हणाली, "चिंच अन् राखड घे, हे काय लावून राहिला." चिंच घरात होती. राखड नव्हती. गल्लीत चार घरं विचारली, सगळीकडे गॅस. शेवटी गावाबाहेरच्या संत्र्याच्या बगिच्यात गेलो आणि राखणदाराच्या चुलीतून पिशवीभर राखड मागून आणली. तीही त्याने 'कशाले पाहिजे' असं दोनदा विचारून दिली.

एके काळी उकिरड्यावर जाणारी वस्तू अशी दुर्मीळ कशी झाली, या प्रश्नातून हे टिपण झालं. घरगुती, स्वस्त आणि पर्यावरणाला न दुखवणारी सफाई म्हणून आज ज्यांच्या याद्या फिरतात, त्या आपल्याकडे कुणी मुद्दाम आणलेल्या वस्तू नव्हत्या. दुसऱ्या कुठल्या तरी कामातून त्या उरत. ते काम थांबलं की ही सफाईही थांबते. मला सांगायचं आहे ते एवढंच, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली जुन्या मध्य प्रांताच्या. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठी बोलणारा हा टापू मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होता, आता पांढुर्णा हा वेगळा जिल्हा आहे. कागद हिंदीत, घर मराठीत. शेत मात्र शेजारच्या वरूड-काटोलसारखंच: कापूस, तूर, संत्रा. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटायच्या, तूर झोडली की तुऱ्हाट्या उरायच्या, आणि दोन्ही घरामागे रचून वर्षभर चुलीत जायच्या. जोडीला गोवऱ्या. म्हणजे राखड शेतातूनच यायची, भाकरीच्या वाटेने.

लाकडाच्या राखेत पोटॅशचा क्षार असतो. तो ओला होऊन तेला-तुपाच्या ओशटपणाला भिडला की त्या ओशटाचाच थोडा साबण होतो. ताट घासताना बोटांना जे बुळबुळीत लागतं ते तेच. हा क्षार इतका मोलाचा होता की अमेरिकेत दिलेलं पहिलं पेटंट, ३१ जुलै १७९० चं, राखेपासून पोटॅश काढण्याच्या सुधारलेल्या रीतीचं होतं. दगडी कोळशाच्या राखेला मात्र हा गुण नाही. ती खरखरते, घासते, पण ओशटपणा कापत नाही. परासियाकडच्या कोळसापट्ट्यात शेगडी पेटवणाऱ्या घरांना भांड्यांसाठी ती राख चालणारी नव्हती.

चिंचेचं काम वेगळं. तांब्या-पितळेवर चढतो तो हिरवा-काळा थर चिंचेच्या आंबटपणात विरघळतो. मी दोन्ही एका वाटीत कालवायला घेतलं तर आईने हात धरला. "आधी चिंच. धू. मग राखड." शाळेतलं रसायनशास्त्र आठवलं तेव्हा पटलं: आम्ल आणि क्षार एकत्र केले की एकमेकांना मारतात, भांड्यासाठी काही उरत नाही. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस दाखवणाऱ्या सल्ल्यांना माझ्या आईची एवढी एक दुरुस्ती पुरेशी आहे.

ही जोडी किती जुनी? मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबं, कासं, पितळ वगैरेंच्या शुद्धीसाठी क्षार, आम्ल आणि पाणी अशीच तीन नावं आहेत. पण तिथला मजकूर डागांपुरता नाही, तो विटाळाचा आहे. आणि हे विसरून आजीच्या बटव्याचं कौतुक करणं मला जमत नाही. धातूचं भांडं राखेने 'शुद्ध' होई, मातीचं फेकून द्यावं लागे, आणि काही माणसांसाठी कुठलीच राख पुरत नसे. आमच्याच ओसरीच्या कोनाड्यात एक वेगळा कप असायचा. ज्याने चहा प्यायचा त्यानेच तो धुवायचा. धुवायला राखड तीच, घरातल्या चुलीची. लहानपणी मला तो कप फक्त वेगळ्या रंगाचा वाटायचा.

जमिनीची गोष्ट याहून पसरट आहे. इकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. ती घरात चालत नाही. म्हणून भिंत-जमीन छाबायला पांढरी माती, आणि वरून शेणाचं सारवण. शेण जंतू मारतं असं हौसेने सांगितलं जातं. मी ते सांगणार नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेण म्हणजे धनुर्वाताला बोलावणं, हे दायांना शिकवावं लागलं आहे. शेणाचा खरा उपयोग त्यातल्या पचून बारीक झालेल्या गवताच्या धाग्यांचा. ते माती धरून ठेवतात, धूळ उडू देत नाहीत.

आणि ही पांढरी माती यायची कुठून? बरीचशी गावाच्या जुन्या वस्तीच्या टेकाडावरून. मराठीत शेताला काळी आणि वस्तीला पांढरी म्हणतात, ते उगीच नाही. पिढ्यान् पिढ्या पडलेल्या मातीच्या भिंती, शेण, चुना आणि चुलीची राख साचून वस्तीची जमीन फिकी होते. पुरातत्त्वाचे लोक जुनी वसाहत शोधताना अशी 'पांढरीची टेकाडं' हेरतात, आणि शेतकरी तीच माती खत म्हणून शेतात नेतात. म्हणजे आज घासून फेकलेली राखड काही पिढ्यांनी भिंतीला परत लागत होती. गावाबाहेर असं टेकाड दिसलं तर आमच्या वाचकांनी ते खणून नेण्याआधी मंडळाला जरूर कळवावं. खापरांचे तुकडे वर आलेले असतात.

चुन्याबाबत सौंसर नशीबवान. इथल्या संगमरवरी आणि डोलोमाइटी खडकांच्या, मँगनीजच्या पट्ट्याला भूशास्त्रात 'सौसर समूह' असंच नाव आहे. दिवाळीआधी विरजवलेला चुना, त्यात चिमूटभर नीळ. ओला चुना तीव्र क्षार असतो, म्हणून बुरशी-किडे हटतात; मग हवेतला कर्बवायू शोषून तो भिंतीवर पुन्हा चुनखडी होऊन बसतो. कपड्यांचं मी थोडक्यात सोडतो: रिठा घरच्या लुगड्यांना, बाकी नदीवर. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात धोब्यांच्या प्रकरणाला वरठी आणि परीट ही आपल्याकडची नावंही जोडलेली आहेत. हातात खराटा घेऊन गावं झाडणारे गाडगेबाबा परिटाच्याच घरातले, आणि त्यांचं शेंडगाव शेजारच्या अमरावती जिल्ह्यात.

आता 'स्वस्त' या शब्दाबद्दल. पैसे लागत नसत, हे खरं. पण पहाटे सडा, आठवड्याला सारवण, दोन वेळा राखडीने भांडी, हे सगळं एकाच माणसाच्या हाताने व्हायचं, आणि ती बाई असायची. राखेचा क्षार कातडीचा ओशटपणाही काढतो. आजीच्या बोटांना हिवाळ्यात भेगा पडत, त्यात ती रात्री कोमट तेल भरायची. घरात सिलिंडर आलं तेव्हा चुलीच्या धुराबरोबर राखडही गेली, आणि त्या दिवशी कुणी तिच्यासाठी हळहळलं नाही. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर तर खेड्यातल्या चुलीही कमी पेटू लागल्या. आईला विचारलं, पुन्हा चूल मांडायची का? तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

एक गोष्ट तरी नोंदवून ठेवतो. राखडीने भांडं कोरडंच घासता येतं, शेवटी एका गडव्यात निघतं. फेसाच्या साबणाला तीन-चार गडवे लागतात. संत्र्याच्या या पट्ट्यात पाणी जमिनीत किती खोल गेलं आहे ते बोअर खणणाऱ्याला विचारा.

गुंड निघाला. काठाखाली चरे राहिले, ते माझ्या तार-घासणीचे. उरलेली राखड आईने चाळली, बरणीत भरली आणि हळद-तिखटाच्या डब्यांशेजारी, वरच्या फळीवर ठेवली.