पासपोर्टवर एक नाव, मार्कशीटवर दुसरंच! परदेशी निघालेल्या नागपूरकरांनी नावाचा हा घोळ कसा निस्तरायचा?

समजा, एका मुलाच्या दहावीच्या मार्कशीटवर 'वानखडे राहुल वसंतराव' असं लिहिलंय. आधारवर 'राहुल वसंतराव वानखडे'. पॅनवर नुसतं 'राहुल वानखडे'. आणि पासपोर्टवर 'राहुल वसंत' एका रकान्यात, 'वानखडे' दुसऱ्या रकान्यात.

नागपुरात या चारही कागदांचा मालक एकच आहे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बँकेतला माणूस कागद बघतो, मान हलवतो, शिक्का मारतो. विषय संपला. पण हेच कागद परदेशातल्या विद्यापीठाच्या किंवा दूतावासाच्या टेबलावर गेले की तिथल्या माणसाला ते चार वेगवेगळ्या माणसांचे वाटू शकतात. त्यात त्याची चूक नाही. 'वसंतराव' हे वडिलांचं नाव आहे, 'राव' हे मान देण्यासाठी लावलंय आणि आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी येतं, हे त्याला कोण सांगणार?

आयईएलटीएसचा स्कोअर, फी, लोन यांची चर्चा घरोघरी होते. नावाची मात्र होत नाही. आणि ऐन व्हिसाच्या तोंडावर घोळ निघाला तर वेळ जातो, कधी पूर्ण एक सेमिस्टर जातं.

मुळात गोंधळ होतो कुठे?

आपलं मराठी नाव तीन मजली असतं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टला मात्र दोनच रकाने माहीत आहेत. एक आडनावाचा, दुसरा 'गिव्हन नेम'चा, म्हणजे आडनाव सोडून उरलेल्या सगळ्याचा. मधल्या नावाचा वेगळा रकाना नाहीच. त्यामुळे वडिलांचं नाव मुलाच्या नावाला चिकटून 'गिव्हन नेम'मध्ये जातं, किंवा गाळलं जातं. दोन्ही चालतं. वडिलांचं नाव पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वेगळं छापलेलं असतंच.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली बाणासारख्या खुणांच्या दोन ओळी असतात, त्या कधी नीट बघितल्यात? त्या मशीनसाठी असतात. प्रत्येक ओळीत 44 जागा. वरच्या ओळीत आधी आडनाव, मग दोन बाण, मग बाकीची नावं. विमानतळावरचं मशीन हीच ओळ वाचतं. तिथे जे आहे तेच तुमचं नाव. घरी काय म्हणतात, मार्कशीटवर काय आहे, याच्याशी मशीनला देणंघेणं नाही.

दुसरीकडे महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावी-बारावीची मार्कशीट. तिच्यावर उमेदवाराचं पूर्ण नाव आडनावापासून सुरू होतं आणि आईचं नाव खाली वेगळं असतं. परदेशातला माणूस पहिला शब्द हे स्वतःचं नाव आणि शेवटचा शब्द हे आडनाव असं समजून वाचतो. म्हणजे आपला राहुल तिथे 'मिस्टर वसंतराव' होतो आणि त्याचं पाळण्यातलं नाव 'वानखडे' ठरतं. ऐकायला गंमत वाटते, पण ऑनलाइन फॉर्ममध्ये असंच भरलं गेलं तर ऑफर लेटरही त्याच नावाने येतं.

'राव', 'बाई' आणि सातबारा

हा प्रकार विदर्भात जरा जास्तच दिसतो. वडील शाळेत 'वसंता', सातबाऱ्यावर 'वसंत', बँकेत 'वसंतराव'. आई मार्कशीटवर 'लता', रेशनकार्डावर 'लताबाई'. मुलाच्या शिक्षणाचा खर्च कोण करणार हे व्हिसासाठी दाखवायचं असतं, तेव्हा बँकेचं स्टेटमेंट वडिलांचं असतं आणि 'हे माझेच वडील' हे मुलाच्या पासपोर्टवरून सिद्ध करायचं असतं. तिथे 'राव' आडवा येतो. शैक्षणिक कर्जासाठी शेत किंवा घर तारण ठेवायचं असेल तर तीच गत. सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंदीपासून सुरुवात. म्हणून मुलाचे कागद तपासताना आईवडिलांचे कागदही त्याच दिवशी शेजारी ठेवून वाचा. कर्ज मंजुरीच्या आठवड्यात हे शोधत बसण्यात काही अर्थ नाही.

स्पेलिंगचा तर वेगळाच खेळ. 'वानखडे' डब्ल्यूने लिहायचं की व्हीने? 'खडे'मध्ये इंग्रजी ए की ई? 'ठाकरे' किती प्रकारे लिहितात हे तर सगळ्यांना माहीत आहे. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेला डॉक्टर व्हायला गेल्या, तेव्हा 'जोशी' हे आडनाव शेवटी दोन ई लावून लिहिलं जायचं. आज बहुतेक जोशी एका आयवर भागवतात. त्या काळी चालून गेलं. आज एका अक्षराच्या फरकावरून विमान कंपनी तिकीट दुरुस्त करून आणायला सांगू शकते.

आडनावच नसेल तर?

काहींच्या पासपोर्टवर एकच नाव असतं. आडनावाचा रकाना रिकामा. नागपूरहून शारजा आणि दोह्याला थेट विमानं सुरू झाल्यापासून इथले बरेच लोक आखाती देशांतून प्रवास करतात, त्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश मिळणार नाही, असा नियम संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 मध्ये लागू केला. नंतर खुलासा आला की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल. तरी असा पासपोर्ट असेल तर तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारलेलं बरं.

अमेरिकेत वेगळी गंमत होते. एकच नाव असेल तर ते आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' छापलं जातं. अर्थ: 'पहिलं नाव माहीत नाही'. मग बँक, घरभाडं, ड्रायव्हिंग लायसन्स, सगळीकडे हा एफएनयू मागे लागतो.

मग आधी काय दुरुस्त करायचं?

इथेच बरेच जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी पासपोर्ट काढतात, मग बाकीचं त्याच्याशी जुळवायला जातात. आमचं म्हणणं असं की दहावीचं प्रमाणपत्र पाया धरा. कारण सगळ्यात कठीण दुरुस्ती त्याचीच. तिथे चूक असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरपासून सुरू होऊन शाळेमार्फत विभागीय मंडळापर्यंत जावं लागतं. आधार आणि पॅन त्यामानाने लवकर बदलतात. म्हणून दहावीच्या प्रमाणपत्रावरचं स्पेलिंग जसंच्या तसं घ्या, आधी आधार त्याप्रमाणे करा, मग पासपोर्ट. आयईएलटीएससाठी भारतात ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो, त्यामुळे परीक्षेचा फॉर्म पासपोर्ट पक्का झाल्यावरच भरा. नंतर पासपोर्टवरचं नाव बदललं तर पासपोर्ट नवा निघतो, त्याचा नंबर बदलतो आणि आधी पाठवलेल्या प्रत्येक अर्जाच्या मागे धावावं लागतं.

पासपोर्ट आधीच निघालाय आणि फरक किरकोळ आहे, म्हणजे एखादं अक्षर, 'राव' किंवा नावांचा क्रम? मग बऱ्याच विद्यापीठांना 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत' असं प्रतिज्ञापत्र पुरतं. सिव्हिल लाइन्सला कोर्टाच्या आसपासचे टायपिंगवाले ते करून देतात. फक्त ते इंग्रजीत करून घ्या आणि त्यात दोन्ही नावं अक्षर न् अक्षर तशीच आहेत ना, हे सही करण्याआधी स्वतः वाचा. एका चुकीसाठी केलेल्या कागदात दुसरी चूक राहिली, असंही होतं.

फरक मोठा असेल, आडनावच वेगळं असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो. अर्ज ऑनलाइन होतो, एजंटची सक्ती नाही. पण राजपत्र आल्यामुळे जुनी मार्कशीट आपोआप बदलत नाही. ती जुनीच राहते आणि राजपत्राची प्रत तिला कायमची जोडून फिरवावी लागते.

लग्न झालेल्या मुलींसाठी एक गोष्ट ठळकपणे. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलणं बंधनकारक नाही. डिग्र्या माहेरच्या नावावर आहेत आणि पुढे शिकायला किंवा नोकरीला बाहेर जायचंय, तर नाव आहे तसं ठेवणं सोयीचं. सासरी कुणी आग्रह धरला तर हा मुद्दा सांगायला हरकत नाही. नवऱ्याचं नाव पासपोर्टवर जोडीदार म्हणून नोंदवता येतं. नाव बदललंच असेल, तर विवाह नोंदणी दाखला प्रवासात हातातल्या बॅगेत हवा.

कॉलेजचंही नाव बदललेलं असतं

हे कुणाच्या डोक्यात येत नाही. 1923 मध्ये सुरू झालेलं नागपूर विद्यापीठ 2005 पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ आहे. जुनं व्हीआरसीई 2002 मध्ये व्हीएनआयटी झालं. परदेशी फॉर्ममधल्या यादीत तुमचं विद्यापीठ 'एन'खाली सापडलं नाही तर 'आर'खाली बघा. जुनी डिग्री असेल तर नाव बदलल्याचा उल्लेख असलेलं पत्र किंवा ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठातून इथे असतानाच घ्या. तिकडून फोन करून हे काम करायचं म्हणजे कुणातरी मित्राला अमरावती रोडच्या कॅम्पसला चकरा मारायला लावणं आलं.

जर्मनीला जाणाऱ्यांना 1 नोव्हेंबर 2022 पासून विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागतं. त्यात शैक्षणिक कागद तपासले जातात, म्हणून त्याआधीच नावं जुळलेली असावीत. काही देश कागदांवर अपोस्टिल मागतात. भारत या करारात 2005 पासून आहे. महाराष्ट्रातल्या डिग्रीवर आधी राज्य शासनाची साक्षांकनाची मोहोर लागते, मग परराष्ट्र मंत्रालयाची. नागपूरकरासाठी याचा अर्थ मुंबईची वाट, नाहीतर कुरिअर. नावाची दुरुस्ती अपोस्टिलच्या आधी उरकली नाही तर चुकीच्या कागदावर मोहोर लागते आणि पैसे वाया जातात.

तिकडे पोचल्यावर

विद्यापीठात हजेरीला काय म्हणायचं यासाठी 'प्रेफर्ड नेम'चा रकाना असतो. तिथे खुशाल 'राहुल' लिहा. पण बँक, भाडेकरार, मोबाइल, पगार, विमा या सगळ्याला पासपोर्टवरचं पूर्ण नाव, त्याच क्रमाने. पदवी छापण्याआधी विद्यापीठ बहुधा नाव तपासायला सांगतं, तो ईमेल दुर्लक्षित करू नका. परत येऊन भारतात नोकरीला किंवा पुढच्या शिक्षणाला ती पदवी दाखवायची असते, तेव्हा ती दहावीच्या प्रमाणपत्राशेजारीच ठेवली जाते.

आणि ज्यांच्या घरी लहान बाळ आहे...

1 मे 2024 किंवा त्यानंतर महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांसाठी शासकीय कागदपत्रांवर नावाचा क्रम बदललाय: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. निर्णय चांगलाच आहे. पण आता नाव चार मजली झालं आणि पासपोर्टचे रकाने दोनच राहिले. त्यात 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. त्यामुळे महापालिकेतून बाळाचा दाखला हातात आला की चारही नावांचं इंग्रजी स्पेलिंग तिथेच उभं राहून वाचा, चूक असेल तर लगेच सांगा, आणि शाळेत नाव घालताना तोच दाखला समोर ठेवून फॉर्म भरा.