राखीव विजेचे सहा तास

समुद्रावरील कायद्यांचा इतिहास चाळू लागले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्यातील पुष्कळशी कलमे एखाद्या विशिष्ट रात्री, एखाद्या विशिष्ट बोटीवर काय घडले यावरून लिहिली गेली आहेत. बोटीवरील यंत्रांसाठी बॅटरी कोणती ठेवावी आणि ती कशी चार्ज करावी, हा प्रश्न वरवर पाहता मिस्त्रीचा वाटतो. परंतु त्याचे एक उत्तर विधिमंडळांनी आणि आंतरराष्ट्रीय परिषदांनी देऊन ठेविले आहे, आणि ते का दिले गेले हे समजून घेतल्यावाचून लहान बोटीच्या मालकाला आपली बॅटरी नीट निवडता येईल असे आम्हांस वाटत नाही.

१८०० साली इटलीतील व्होल्टा याने दोन धातूंच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठे घालून विजेचा अखंड प्रवाह मिळविला. १८३८ साली याकोबी याने सेंट पीटर्सबर्ग येथे नेवा नदीवर अशा घटांच्या बळावर नाव चालवून दाखविली. परंतु त्या घटांतील जस्त झिजले की घटही संपे. त्यात पुन्हा वीज भरण्याची सोय नव्हती. ती सोय १८५९ मध्ये फ्रान्समधील प्लांते याने शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून करून दिली. आज बहुतेक मच्छीमार बोटींवर दिसणारी बॅटरी ही याच घटाची वंशज होय.

या घटाची खरी परीक्षा २३ जानेवारी १९०९ रोजी पहाटे झाली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, नँटकेट बेटाच्या दक्षिणेस, दाट धुक्यात 'रिपब्लिक' या उतारूंच्या आगबोटीवर 'फ्लोरिडा' ही बोट येऊन आदळली. इंजिनघरात पाणी शिरले, डायनामो बंद पडले, दिवे विझले. बिनतारी संदेशयंत्राला वीज पुरविणारे डायनामोच गेल्यावर ते यंत्र म्हणजे नुसती लाकडाची नि तांब्याची पेटी! परंतु जॅक बिन्स या तरुण तारयंत्र्याजवळ संचायक बॅटऱ्या होत्या. आपल्या मोडक्या खोलीत, अंधारात व थंडीत, त्याने त्यांच्यावर यंत्र चालू केले. संदेश क्षीण होता; तरीही बेटावरील केंद्राने तो ऐकला आणि आपल्या प्रबळ यंत्रावरून सर्व बोटींना कळविला. 'बाल्टिक' ही आगबोट धुक्यात दिवसभर शोध घेत होती आणि बिन्स तिला दिशा सांगत होता. 'रिपब्लिक' दुसऱ्या दिवशी बुडाली. परंतु दीड हजारांहून अधिक माणसे वाचली. बिन्सचे नाव वर्तमानपत्रांतून गाजले. बॅटरीचे नाव कोणी घेतले नाही, हे ओघानेच आले.

कायद्यानेही ते प्रथम घेतले नाही. अमेरिकेने १९१० मध्ये पन्नास किंवा अधिक माणसे वाहणाऱ्या सागरगामी बोटींवर बिनतारी यंत्र सक्तीचे केले. पण त्या यंत्राची वीज कोठून यावी याविषयी अधिनियम मूक होता. 'टायटॅनिक'च्या दुर्घटनेनंतर, २३ जुलै १९१२ रोजी, दुरुस्ती झाली आणि बोटीच्या मुख्य वीजयंत्रापासून स्वतंत्र, निदान चार तास पुरेल असा राखीव पुरवठा आवश्यक ठरला. १९१४ च्या लंडन येथील करारात या चाराचे सहा तास झाले. महायुद्धामुळे तो करार ठरल्याप्रमाणे अमलात आला नाही, तरी सहाचा आकडा टिकला. ज्या जहाजावर आणीबाणीचे जनित्र नाही, तेथे बिनतारी यंत्रांची राखीव बॅटरी सहा तास पुरली पाहिजे, ती दहा तासांच्या आत पुन्हा चार्ज करता आली पाहिजे, आणि बारा महिन्यांतून एकदा तरी तिची धारणशक्ती तपासली पाहिजे, असा आजचाही आंतरराष्ट्रीय नियम आहे.

मात्र हा नियम मोठ्या जहाजांचा. मासेमारीच्या बोटी सामान्यतः त्या कराराच्या कक्षेबाहेर राहतात. गोव्याच्या किनाऱ्यावरील एखाद्या बोटीवर जीपीएस, मासे शोधणारे यंत्र आणि व्हीएचएफ ही तिन्ही जर इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीलाच जोडलेली असतील, तर त्या बोटीची स्थिती १९०९ च्या 'रिपब्लिक'हूनही वाईट म्हटली पाहिजे. रात्रभर यंत्रे चालली, पहाटे इंजिन सुरू झाले नाही, आणि मदत मागण्यास जावे तर यंत्रही मुके! शिवाय इंजिनाच्या बॅटरीचे पत्रे पातळ असतात. क्षणभर मोठा प्रवाह देणे हे त्यांचे काम. तासन्‌तास थोडी थोडी वीज देण्यास जाड पत्र्यांची निराळी बॅटरी हवी, आणि ती शक्य तितकी उंचावर बसविलेली हवी. पाणी प्रथम तळाशी शिरते, आणि खारे पाणी गंधकाम्लात मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो.

ती किती मोठी असावी? २५ वॉटचा व्हीएचएफ बोलताना सुमारे ५ अँपिअर घेतो, ऐकताना अर्धा. बोलण्याच्या प्रवाहाचा अर्धा भाग व ऐकण्याचा सर्व भाग धरण्याची जहाजांवर रीत आहे. म्हणजे ३ अँपिअर झाले. जीपीएस व दिवा यांचे आणखी २ धरू. पाच अँपिअर सहा तास, म्हणजे ३० अँपिअर-तास. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून ६०. आणि जुनी होताना ती क्षीण होते, म्हणून ८० घेणे शहाणपणाचे.

चार्ज करण्यात बहुतेकांची चूक घाईची असते. इंजिन तासभर चालले म्हणजे बॅटरी भरली असे मानतात. वस्तुतः सुमारे ८० टक्क्यांनंतरचा भाग सावकाश, कित्येक तासांनी भरतो. १२ व्होल्टच्या बॅटरीस सुमारे १४.४ व्होल्टवर, प्रवाह अगदी कमी होईपर्यंत, भरू द्यावे व मग १३.५ च्या आसपास राखावे. हे धक्क्याला लागल्यावर रात्रीच साधते. अर्धवट भरलेल्या बॅटरीत पत्र्यांवरील शिशाचे सल्फेट कठीण होत जाते व ती अकाली मरते. भरताना हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरे, म्हणून पेटीस वरून वाट ठेवावी.

१९९७ साली गुडइनफ आणि त्यांचे सहकारी यांनी ज्या लिथियम-लोह-फॉस्फेटाचे गुण प्रसिद्ध केले, त्याच्या बॅटऱ्या आता बोटींवर येऊ लागल्या आहेत. त्या हलक्या आहेत, लवकर भरतात, आणि अर्धवट भरलेल्या राहिल्या तरी बिघडत नाहीत. परंतु त्यांचा व्होल्टेज जवळजवळ अखेरपर्यंत सारखाच दिसतो, त्यामुळे व्होल्टमीटर पाहून किती उरले ते कळत नाही. आणि त्यांतील संरक्षक मंडल प्रसंगी पुरवठा एकाएकी तोडते. रोजच्या कामास त्या जरूर घ्याव्या, स्वतःच्या चार्जरसह. राखीव म्हणून मात्र आम्ही शिशाचीच ठेवू.

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात बोटी उभ्या असतात आणि बॅटऱ्या आपोआप रित्या होत जातात. त्या काढून घरी आणाव्या, पूर्ण भराव्या, महिन्याने पुन्हा भराव्या. पहिल्या फेरीपूर्वी राखीव बॅटरीवर ५ अँपिअरचा भार घड्याळ लावून सहा तास ठेवावा. ती मुदत पुरी होण्याआधीच व्होल्टमीटर ११.८ च्या खाली उतरला, तर ती बॅटरी बदलून नवी घ्यावी आणि मगच बोट पाण्यात लोटावी.