लशीचा कागद: कोगनोळी नाक्यापासून अमेरिकेपर्यंत

मी कागलचा. आमच्याकडनं दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक लागतं. ऑगस्ट २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर पोलीस विचारायचे, "आरटीपीसीआर हाय काय?" दोन डोस झालेत म्हटलं तरी रिपोर्ट लागायचाच. मला वाटलं, हे कायतरी नवीनच. पण नवीन कुठलं!

१८९६ ला मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढं मुंबई इलाख्यात लस घेणाऱ्याला दाखला मिळू लागला. तो दाखवला की प्लेगच्या काही निर्बंधांतून सूट मिळायची. म्हणजे कागद दाखवा आणि पुढं जा, ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी.

१९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं परदेश प्रवासाचे नियम केले. देवी, कॉलरा, पीतज्वर, तिन्हींचे दाखले चालू झाले. १९८० ला जग देवीमुक्त जाहीर झालं आणि पुढं तो दाखला नियमातनं गेला. पीतज्वराचा मात्र राहिला. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांतून भारतात येताना आजही तो लागतो.

हे झालं प्रवाशांचं. कायमचं राहायला जाणाऱ्यांसाठी अमेरिकेनं १९९६ ला कायदा केला: गोवर, गालगुंड, रुबेला, पोलिओ, धनुर्वात, हिपॅटायटिस बी अशा लशींचा पुरावा द्या, नाहीतर व्हिसा नाही.

हे आमच्या घरात कळलं ते ताईमुळं. ताई म्हणजे माझी आत्तेबहीण. नवरा तिकडं, हिची फाइल इथं. आणि लहानपणीचं लसीकरण कार्ड २०१९ च्या महापुरात गेलेलं. ती रडकुंडीला आली, "आता झालं सगळं!" आत्या तिचा दंड दाखवून म्हणाली, "ह्यो वण बघा की, ह्योच पुरावा!" पण तो वण बीसीजीचा, आणि बीसीजी त्या यादीत नाहीच.

शेवटी मुंबईला तपासणीत डॉक्टरांनी समजावलं: कार्ड नसलं तरी अर्ज बाद होत नाही. काही रोगांची प्रतिकारशक्ती रक्त तपासून कळते, बाकीच्या लशी वयानुसार पुन्हा घ्यायच्या. कोर्स पूर्ण व्हायची वाट बघायला लागत नाही, त्या वेळी लागू असलेला एक-एक डोस पुरतो. ताईनं त्याच दिवशी दोन्ही दंड पुढं केले.

तिचा व्हिसा आला. पण खर्च आणि काळजी एका कागदापायी झाली. म्हणून सांगतो, आज घरी गेलात की आईला विचारा, "माझं लशीचं कार्ड कुठाय?" सापडलं तर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. भेटू पुढच्या भागात!