तळटीप : ‘सोळा पौंडांची स्प्रिंग’
* हे स्प्रिंगचे वजन नव्हे. पिस्तुलाची स्लाइड पूर्ण मागे गेल्यावर दाबलेली स्प्रिंग जेवढा जोर लावते, तो हा आकडा. ब्राउनिंगच्या १९११ पिस्तुलाला (५ इंची नळी, पॉइंट ४५ काडतूस) सहसा १६ पौंडांची स्प्रिंग बसवतात. ती दमली की स्लाइड फ्रेमवर आदळू लागते, रिकामी पुंगळी भलतीच लांब उडते. म्हणून उठून थेट २० पौंडांची घालणे चुकीचेच. हलक्या काडतुसावर स्लाइड पुरती मागे जात नाही, पुंगळी बाहेर पडायच्या तोंडाशीच अडकते. नेहमी वापरायचे काडतूस कोणते, ते आधी ठरवावे, मग स्प्रिंग. जुनी स्प्रिंग किती बसली आहे हे पाहायला ती त्याच जातीच्या नव्या स्प्रिंगशेजारी आडवी ठेवावी. आखूडपणा लगेच दिसतो. — संपादक