कामठी छावणी : बदलती युद्धे आणि प्रशिक्षणाचे बदलते प्रयोजन

विदर्भाच्या लष्करी इतिहासात नागपूरनजीकच्या, कन्हान नदीकाठच्या कामठी छावणीस महत्त्वाचे स्थान आहे. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाल्यानंतर १८२१ मध्ये इंग्रजांनी ही छावणी वसविली. नागपूरवर वचक ठेवणे हा तिचा मूळ हेतू होता. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. जून १८५७ मध्ये नागपूरच्या घोडदळाचा उठावाचा बेत फसला, तेव्हा कामठीच्या मद्रासी पलटणींच्या बळावर त्यास निःशस्त्र करण्यात आले.

स्वातंत्र्यानंतर हे प्रयोजन पालटले. विशिष्ट जातीजमातींतून भरती करण्याची वसाहतकालीन प्रथा बाजूला सारून जनरल करिअप्पा यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये गार्ड्स ब्रिगेड उभी राहिली. तिचे प्रशिक्षण केंद्र पुढे कामठीस आले. १९७१ च्या युद्धात गंगासागर येथे धारातीर्थी पडलेले परमवीरचक्रप्राप्त लान्सनायक अल्बर्ट एक्का याच रेजिमेंटचे होत.

१९६२ च्या चीन युद्धाने आणखी एक वळण दिले. १९६३ मध्ये महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली आणि अध्यापक-अधिकाऱ्यांची निकड वाढली. पुरंदर येथे सुरू झालेली त्यांची प्रशिक्षण संस्था कामठीस हलविण्यात आली. १९६८ मध्ये सक्ती उठली. संस्था मात्र टिकली. यवतमाळसारख्या जिल्ह्यातील प्राध्यापकही छात्रसेना अधिकारी होण्यासाठी तेथे जातात.

सारांश, प्रजेवर वचक ठेवण्यासाठी वसविलेल्या छावणीत आज शिक्षक गणवेश घालून शिकतो. हे स्थित्यंतर केवळ पलटणींच्या नोंदींतून उलगडणार नाही. महाविद्यालयांतील छात्रसेना विभागांची जुनी दफ्तरेही त्यासाठी जपली गेली पाहिजेत.