वऱ्हाडांतील शिकारी व बेताच्या किंमतीची रायफल

अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें गांव महानुभाव पंथाचें काशीक्षेत्र म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. गोविंदप्रभूंचें वास्तव्य येथें होतें; आणि चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटानें इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केलें तेंहि येथेंच. त्या ग्रंथांत एका सशाची हकीकत आहे. पारध्यांनीं पाठलाग केलेला ससा स्वामींच्या आसऱ्यास आला. पारधी मागोमाग आले व आपली शिकार मागूं लागले; परंतु शरण आलेला जीव स्वामींनीं त्यांच्या हवालीं केला नाहीं. त्या काळीं बंदूक या देशांत आलेलीच नव्हती. पुढें ती आली. आणि रिद्धपुराच्या उत्तरेस व वायव्येस जो सातपुडा पसरला आहे, त्याच्या रानांत, विशेषतः मेळघाटांत, शिकारीचा एक निराळाच इतिहास घडला.

या इतिहासांत एक प्रश्न वारंवार येतो. नेमाची, भरंवशाची आणि तरीहि खिशाला परवडणारी रायफल कोणती? वरवर पाहतां हा प्रश्न दुकानदार व गिऱ्हाईक यांच्यामधला दिसतो. परंतु वऱ्हाडांत त्याचें उत्तर कारागिरानें जेवढें दिलें, तेवढेंच कायद्यानेंहि दिलें; आणि तें नीट उमगावयाचें तर बंदुकीच्या नळीपासूनच आरंभ केला पाहिजे.

जुन्या तोड्याच्या बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असे. गोळी नळीपेक्षां किंचित् लहान. ती आंतल्या आंत आपटत बाहेर पडे व कोणत्या बाजूस झुकेल याचा नेम नसे. रायफलीच्या नळींत पिळदार खाचा कोरलेल्या असतात. त्या खाचांमुळें गोळी स्वतःभोंवतीं गरगर फिरत निघते, आणि फिरता भोंवरा जसा कलंडत नाहीं, तशी ती आपली दिशा सोडीत नाहीं. सारा नेमाचा चमत्कार काय तो एवढाच.

या विषयाचा सातपुड्यांत कसून विचार करणारा पहिला प्रसिद्ध गृहस्थ म्हणजे कॅप्टन जेम्स फॉर्सिथ. मेळघाटाला लागून असलेल्या निमाड मुलुखांत तो सरकारी अधिकारी होता. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील त्याचें पुस्तक १८७१ सालीं निघालें व तें आजहि वाचलें जातें; परंतु त्याआधीं, १८६३ सालीं, त्यानें शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें होतें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: रानांतली शिकार दूरवरून होत नाहीं. झाडीझुडपांत जनावर दिसतें तें जवळच. परंतु त्याचें अंतर अजमावण्यास क्षणाचाहि अवकाश नसतो. म्हणून गोळी वांकडी न पडतां सरळ रेषेंत जाईल अशी रायफल हवी. त्यासाठीं त्यानें मोठी वाटोळी गोळी, भरपूर दारू आणि खाचांचा अगदीं सौम्य पीळ यांचा पुरस्कार केला. पुढें काडतुसें व लांबट गोळ्या आल्या आणि वाटोळी गोळी मागें पडली. पण आपलें रान कसें आहे तें आधीं पाहावें व मग हत्यार निवडावें, हा फॉर्सिथचा धडा शिळा झाला नाहीं.

त्यानंतर दुनळी रायफलींचे दिवस आले. साहेबलोकांच्या शिकारींत यांना मोठा मान असे. एक गोळी चुकली तर दुसरी तत्काळ हातीं, हा त्यांचा गुण. परंतु दोन नळ्या शेजारी शेजारी जोडून दोहोंच्याहि गोळ्या एकाच ठिकाणीं पाडणें हें अत्यंत नाजूक काम. कारागीर बार काढून पाही, सांधा उकली, पुन्हा जोडी, पुन्हा बार काढी. सारें काम हाताचें; म्हणून किंमतहि राजेरजवाड्यांना व बड्या अधिकाऱ्यांनाच परवडेल अशी.

ही अडचण बोल्टच्या रायफलीनें दूर केली. दाराचा अडसर आपण सरकवितों, त्याप्रमाणें हिच्यांत पोलादाची एक दांडी मागेंपुढें सरकते. ती मागें ओढली कीं रिकामें काडतूस बाहेर फेंकलें जातें; पुढें ढकलली कीं नवें काडतूस आंत बसतें; आणि मूठ खालीं वळविली कीं नळीचें तोंड घट्ट बंद होतें. प्रशियांत ड्रायझे नांवाच्या कारागिरानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या जातीची बंदूक सैन्यासाठीं सिद्ध केली. पुढें माउझर बंधूंनीं ती सुधारली आणि १८९८ सालीं जर्मन सैन्यानें त्यांचा प्रसिद्ध नमुना स्वीकारला. त्यांत नळीचें तोंड बंद करणारे दोन मजबूत कान दांडीच्या पुढच्या टोंकाशीं, म्हणजे काडतुसाच्या अगदीं मागें असतात. इंग्रजांच्या ली-एनफील्ड रायफलींत ते मागच्या बाजूस असतात. त्यामुळें ती दणकटपणांत माउझरपेक्षां थोडी कमी ठरली तरी चालविण्यास मात्र जलद. दोन्ही रायफली यंत्रांवर, हजारोंनीं, एकसारख्या घडविल्या जात. नळी एकच असल्यामुळें दोन नळ्यांचा मेळ घालण्याचा खटाटोप नाहीं. म्हणून ती स्वस्त आणि तरीहि नेमाची. १९०७ सालीं चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना जी रायफल भेट मिळाली, ती रिग्बी कंपनीनें माउझरच्या यंत्रणेवर बनविलेली अशीच हलकी एकनळी होती.

येथपर्यंतचें उत्तर सरळ आहे. ज्याला थोड्या पैशांत चांगला नेम हवा त्यानें बोल्टची रायफल घ्यावी. परंतु ही रायफल जन्मानें शिपायाची होती, आणि येथेंच कायदा आडवा आला.

१८५७ च्या उठावानंतर हिंदी माणसाच्या हातांतील हत्यारावर सरकारची नजर करडी झाली. १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत शस्त्रांचा कायदा झाला. परवान्यावांचून हिंदी माणसास बंदूक बाळगतां येईना. गोऱ्यांना मात्र नियमांत सूट होती. राष्ट्रीय सभेनें १८८७ च्या मद्रास अधिवेशनांतच या कायद्याविरुद्ध आवाज उठविला. वऱ्हाडचा मुलूख नांवानें निजामाचा, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा; १९०२ सालीं तो कायमच्या पट्ट्यानें घेऊन पुढच्याच वर्षीं मध्यप्रांताला जोडण्यांत आला. रायफलीची किंमत ज्याच्या गांठीं होती त्या वऱ्हाडी जमीनदाराला किंवा वकिलाला परवान्यासाठीं साहेबाच्या कचेरीची पायरी चढावी लागे. किंमत दुकानांत ठरे. मालकी कचेरींत ठरे.

दुसरें बंधन काडतुसाचें. सैन्याचें काडतूस ज्या बंदुकींत चालेल ती बंदूक प्रजेच्या हातीं जाऊं नये, असें सरकारचें धोरण. सैन्याची ‘थ्री नॉट थ्री’, म्हणजे ०.३०३ इंच व्यासाची रायफल, या कारणास्तव सामान्यांस वर्ज्य ठरली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ०.४५० इंच व्यासावरहि अशीच बंदी आली, तेव्हां विलायतेंतील कारखानदारांनीं मुद्दाम ०.४६५, ०.४७०, ०.४७५ असे निराळे व्यास काढले. बेताच्या ऐपतीच्या शिकाऱ्यासाठीं जी तोड निघाली ती ०.३१५ ची. ली-एनफील्डचीच यंत्रणा, परंतु तींत ऑस्ट्रियन सैन्याच्या मानलिखेर जातीचें ८ मिलीमीटरचें काडतूस बसेल अशी नळी. हिंदुस्थानच्या फौजेच्या कोठारांत हें काडतूस नसल्यामुळें सरकारला त्याची धास्ती नव्हती. बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्यानें अशा रायफली या देशासाठीं बनविल्या; आणि स्वातंत्र्यानंतर बंगालमधील इच्छापूर येथील सरकारी रायफल कारखान्यानें त्या इकडेच बनविल्या. ‘तीनशें पंधरा’ हें नांव परवानेदारांच्या घरोघरीं झालें तें असें. तिची निवड तिच्या गुणांपेक्षां बंदीच्या यादींत ती नव्हती म्हणूनच अधिक झाली.

तथापि परवाना मिळाला व रायफल घरीं आली म्हणजे काम संपलें असें नव्हे. वऱ्हाडची हवा हीहि एक परीक्षकच. उन्हाळ्यांत अकोला-अमरावतीकडचें ऊन देशांतील अत्यंत कडक उन्हांपैकीं आहे. कॉर्डाइट नांवाची बिनधुराची दारू उष्णतेनें अधिक जोरानें जळते व नळीवर दाब वाढतो. याच कारणास्तव उष्ण देशांसाठीं कारखानदार काडतुसाचें नळकांडें मोठें व दाब कमी ठेवीत, आणि अनुभवी शिकारी काडतुसें सावलींत ठेवी. पावसाळ्यांत लांकडी दस्ता फुगतो, नळीला एका बाजूनें रेटतो व नेम हलतो. म्हणून पावसाळा संपल्यावर निशाण लावून रायफल पुन्हा तपासणें अवश्य. तिसरा शत्रू गंज. जुन्या काडतुसांच्या टोपींत पोटॅशियम क्लोरेट असे; तें जळल्यावर मिठासारखा क्षार नळींत उरे व हवेंतील ओल शोषून घेई. हा क्षार तेलानें निघत नाहीं, पाण्यानेंच निघतो. म्हणून शिकारीहून परत येतांच नळींत उकळतें पाणी ओतून, ती कोरडी करून, मगच तेलाचा हात फिरवीत.

जुनी रायफल विकत घेणारा जाणता मनुष्य ह्याच गोष्टी पाही. नळी उजेडाकडे धरून खाचांच्या कडा तीक्ष्ण आहेत कीं झिजल्या, दांडी घट्ट बसते कीं डगमगते, पुढची माशी व मागची खाच हललेली नाहीं ना, आणि मुख्य म्हणजे हिचीं काडतुसें जिल्ह्याच्या ठिकाणीं मिळतात कीं कलकत्त्याहून मागवावीं लागतात. जिचें काडतूस मिळत नाहीं ती रायफल कितीहि नामांकित असली तरी खुंटीवरची शोभाच.

हा सारा काटेकोरपणा केवळ हौसेचा नव्हता. मेळघाटांत हांका घालण्यास कोरकू माणसें असत. मचाणावरील साहेबाची गोळी चुकीच्या जागीं बसली, म्हणजे जखमी वाघ गवतांत शिरे आणि त्याचा माग काढण्यास पायीं चालणारा कोरकूच पुढें असे. रायफल ज्याची, त्याचा नेम चुकला तर त्याची पत जाई. हांका घालणाऱ्याचा जीव जाण्याचा संभव असे. जनावराच्या वांट्यासहि तडफडून मरणें येई. म्हणून नेमाची रायफल हा शिकाऱ्याचा थाट नसून त्याची जबाबदारी होती. वाईट हत्यार स्वस्त मिळालें तरी त्याची उरलेली किंमत दुसराच कोणी देत असे.

या इतिहासाचा शेवट चमत्कारिक आहे. स्वदेशी ‘तीनशें पंधरा’ मध्यम स्थितींतील माणसाच्या आवांक्यांत आली, तोंपर्यंत रानें रितीं होत चाललीं होतीं. १९५९ सालीं स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा झाला. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर कडक निर्बंध घातले. आणि १९७४ सालीं मेळघाट हें देशांतील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकीं एक झालें. इच्छापूरचा कारखाना २०२१ पासून अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. परंतु शिकारी रायफल शिकारीसाठीं विकत घेण्याचा काळ या देशांत संपला.

प्रश्न मात्र उरला आहे, आणि तो शिकाऱ्याचा नसून शेतकऱ्याचा आहे. मोर्शी-रिद्धपुराकडच्या तुरींत व हरभऱ्यांत रोही आणि रानडुकरें शिरतात. रात्रभर जागल करूनहि उभें पीक आडवें होतें. १९७२ च्या कायद्याच्या अकराव्या कलमांत यावर मार्ग ठेविलेला आहे. जीवितास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोका झाल्यास अधिकाऱ्याच्या लेखी हुकुमानें जनावर मारतां येतें. आणि पीक राखण्यासाठीं हत्यार कोणतें? १९५९ च्या कायद्याच्या तेराव्या कलमांत खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठीं जिचें नांव घेतलें आहे, ती ठासणीची बंदूक आहे. फॉर्सिथपासून माउझरपर्यंत नेमाच्या विद्येनें जी दीर्घ वाट चालली, तिच्या प्रारंभाशीं असलेलें हत्यारच शेतकऱ्याच्या वांट्याला आलें. त्याच्या दृष्टीनें आज खरी निवड दोन रायफलींमधली नाहीं. कुंपण, जागल, नुकसानभरपाई आणि अगदीं शेवटीं हुकुमाची गोळी, यांपैकीं कशानें पीकहि वांचेल व जीवहि वृथा जाणार नाहीं, हें त्यास व सरकारास मिळून ठरवावयाचें आहे. आणि ती गोळी सोडण्याची वेळ आलीच, तर ती नेमकी लागली पाहिजे, ही सातपुड्याच्या जुन्या शिकाऱ्यांची शिस्त तेव्हांहि तितकीच लागू राहील.