वर्ध्याची ‘ऑक्सफर्ड’ आणि घरची बॅटरी

वर्धा आणि सेवाग्राम यांच्या दरम्यानच्या रस्त्यावर एके काळी एक विलक्षण वाहन दृष्टीस पडे. जमनालाल बजाज यांच्या घरची ती फोर्ड मोटार. अंग मोटारीचे, बैठक मोटारीची. पण यंत्राला रजा देऊन पुढे बैलजोडी जुंपलेली. बैलाला इंग्रजीत ‘ऑक्स’ म्हणतात. तेव्हा या बैलांच्या फोर्डला ‘ऑक्सफर्ड’ हे नाव पडले, आणि विलायतेतील त्या पुरातन विद्यापीठाची वर्ध्याच्या बैलांशी अनायासे सोयरीक जुळली.

विनोदाचा भाग सोडला तरी या गाडीत विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. वाहनाचा सांगाडा तसाच ठेवून त्याचा प्राण तेवढा बदलावयाचा, ही युक्ती तीत आहे. फोर्डच्या जुन्या ‘टी’ नमुन्याच्या मोटारीचे बळ वीस अश्वशक्तीचे असे. बैलजोडीचे जेमतेम एका अश्वशक्तीचे. म्हणजे वेगाच्या दृष्टीने हा उघड उघड तोट्याचा सौदा. परंतु पेट्रोल समुद्रापलीकडून यावयाचे आणि कडबा शेजारच्या शिवारातून. यंत्र बिघडले तर कारागीर शहरात शोधावा लागे, बैलांचे दुखणेखुपणे गावातच निस्तरता येई. शिवाय रबरी धावांची व पोलादी कमानींची मोटारीची मिळकत बैलांच्या पदरात पडली ती वेगळीच. टायरच्या बैलगाड्या पुढे महाराष्ट्रात सर्वत्र झाल्या, आणि लाकडी चाकाच्या गाडीपेक्षा त्या किती हलक्या चालतात हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही.

याच वर्ध्यात डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालालजींनी दिलेल्या बागेत संघाचे बिऱ्हाड आले, आणि मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. संघाचे चिटणीस जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. तंजावरात जन्मलेले, लंडनमध्ये हिशेबनिशी आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले हे गृहस्थ वऱ्हाडच्या सीमेवरील या उन्हाळ्या मुलुखात येऊन घाणी, मधमाश्या आणि हातकागद यांच्या हिशेबात रमले. झवेरभाई पटेल यांनी तेलघाणीत सुधारणा केल्या त्या येथेच.

येथल्याच खटपटीतून ‘मगन दीप’ हा कंदील निघाला. रॉकेलऐवजी वनस्पतींच्या तेलावर जळणारा हा दिवा. काम वाटते तितके सोपे नव्हते. रॉकेल पातळ, ते वातीतून सहज वर चढते. करंजाचे किंवा निंबाचे तेल दाट, ते अर्ध्या वाटेतच थकते. तेव्हा नुसते तेल बदलून भागत नाही; इंधनाचा स्वभाव पाहून दिव्याची रचनाही बदलावी लागते. हे ध्यानात न घेता नवे इंधन जुन्या दिव्यात ओतणाऱ्याच्या नशिबी काजळीच यावयाची. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशचे रॉकेल थांबले, तेव्हा या खटाटोपाला हसणाऱ्यांनाही त्याचा अर्थ उमगला असेल. त्याच सुमारास पेट्रोलही मापून मिळू लागले, आणि मोटारींच्या पाठीवर लोणारी कोळशाच्या भट्ट्या आल्या. कोंडलेल्या हवेत कोळसा जाळून निघणाऱ्या वायूवर गाडी चाले खरी, पण यंत्राचे बळ बरेच घटे आणि वायू विषारी. पेट्रोल सुटताच त्या भट्ट्या गेल्या. त्यांच्यासाठी कोणी अश्रू ढाळले नाहीत.

१९४२ च्या आंदोलनानंतर कुमारप्पांना तुरुंगवास घडला. जबलपूरच्या त्या बंदिवासात त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवरील आपला ग्रंथ लिहिला. त्यांनी शक्तीचे दोन वर्ग कल्पिले. कोळसा आणि खनिज तेल हा साठा, उपसावा तितका आटणारा. आणि आटणाऱ्या साठ्यावरून राष्ट्राराष्ट्रांत कलह ठरलेला. उलट बैल, वनस्पती, लाकूड हा प्रवाह, वर्षानुवर्षे भरून येणारा. ‘ऑक्सफर्ड’ आणि मगन दीप यांचे समर्थन करावयाचे तर ते या विचाराने करावे, काटकसरीच्या नावाने नव्हे.

आज तीच युक्ती निराळ्या रूपाने परतली आहे. विजेवर चालणाऱ्या रिक्षांना २०१५ साली मोटार वाहन कायद्यात स्थान मिळाले, आणि लहानमोठ्या शहरांतून त्या धावू लागल्या. तीत साधारणतः बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतात. शिसे आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते यांनी शोधली. चारींचे मिळून वजन शंभर किलोंच्या पुढे. आणि अर्ध्याहून अधिक रिकामी करीत गेल्यास आयुष्य भराभर घटते. लिथियमची बॅटरी तितकीच वीज निम्म्याहून कमी वजनात साठविते. ती १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली. तिचा पाया घालणाऱ्या व्हिटिंगहॅम, गुडइनफ व योशिनो यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तयार पॅक महाग पडतो, म्हणून सुटे सेल आणून घरीच तो जुळविणारे हौशी कारागीर निपजले आहेत.

त्यांचे काम मगन दीपासारखेच आहे. लोह-फॉस्फेट जातीचा एक सेल सुमारे ३.२ व्होल्टचा, असे सोळा ओळीने जोडले की ५१ व्होल्ट मिळतात. पण सोळा जण सारखे हवेत. एखादा दुबळा निघाला तर भरताना तोच आधी तुडुंब होतो आणि उपसताना आधी कोरडा पडतो. म्हणून प्रत्येकावर नजर ठेवणारे यंत्र, ज्याला बाजारात ‘बीएमएस’ म्हणतात, ते आवश्यक, फ्यूज आवश्यक, आणि शिशाच्या बॅटरीचा चार्जर बदलून लिथियमला साजेसा घेणेही आवश्यक. जुळवताना दोन टोकांवर पाना आडवा पडला, तर क्षणात शेकडो अँपिअर वीज वाहते आणि लोखंड वितळते. २०२२ साली विजेच्या दुचाकींना आगी लागल्यानंतर सरकारने बॅटऱ्यांच्या कसोट्या कडक केल्या. घरच्या पॅकची अशी कसोटी कोणी घेतलेली नसते, आणि रिक्षात तर रोज परक्यांची मुले बसतात. येथे कौशल्याचा अभिमान पुरेसा नाही.

मगनवाडीच्या मापाने पाहिले तर हे घरगुती काम निम्मेच घरचे ठरते. हात येथले, हुशारी येथली, बिघाड येथेच दुरुस्त होतो. पण सेल बहुधा चीनमधून आलेला. तरीही बॅटरीला परक्या तेलाच्या माळेत ओवणे अन्यायाचे होईल. रॉकेल जळून जाते. लिथियम जळून संपावयासाठी नसते. बॅटरी म्हणजे रांजण, पाणी नव्हे. खरा प्रश्न रांजणात काय भरले जाते याचा. महाराष्ट्रातील बरीचशी वीज कोळशाची. शेजारच्या चंद्रपूरचे मोठे औष्णिक केंद्र ज्या कोळशावर उभे राहिले तो वर्धा नदीच्याच खोऱ्यातला. रात्री भिंतीवरच्या खटक्याला जोडलेली रिक्षा, तिच्या पोटात शिसे असो की लिथियम, कुमारप्पांच्या त्या आटत्या साठ्यावरच चालते. छपरावर सौर पत्रे टाकून ती दिवसा भरली, तर गोष्ट पालटते. आणि विदर्भात उन्हाची तक्रार करणारे पुष्कळ असले तरी त्याच्या तुटवड्याची तक्रार कोणी केलेली नाही.

रिक्षातून काढलेल्या शिशाच्या बॅटऱ्यांना भंगारवाल्याकडे रोख भाव येतो. शिसे वितळवून पुन्हा बॅटरी होते, मात्र उघड्यावर वितळविल्यास धुरातून ते माणसाच्या रक्तात उतरते. बॅटऱ्यांच्या कचऱ्याविषयी केंद्र सरकारचे नियम २०२२ साली निघाले आणि त्यांत लिथियमही आले. तरी दमलेले लिथियमचे सेल शिशाइतक्या सहजपणे कोणी विकत घेत नाही. हौशी माणसाच्या घरी ते एखाद्या डब्यात पडून राहतात.